पितर, पेन आणि लाल शाई

अकरावीतला आमचा मुलगा सध्या इंग्रजीतल्या जाडजूड अद्भुतकादंबऱ्या वाचतो. एके रात्री जेवताना त्याने विचारले, "आई, नेक्रोमॅन्सरला मराठीत काय म्हणतात?" त्याच्या कादंबरीतल्या काल्पनिक राज्यात मेलेल्यांना उठवणारे सिद्ध वर्षातून एकदा एका डोंगरावर जमतात, आपापली विद्या पाजळतात आणि पहाटे पांगतात, अशी काहीशी कथा होती. वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या बाईला हा प्रश्न जड जायला नको होता. मी 'मांत्रिक' म्हटले. तो म्हणाला, मांत्रिक साप-विंचूही उतरवतो. 'देवऋषी' म्हटले, 'भगत' म्हटले, आमच्या भागातला 'गुनिया' सांगून पाहिला. यांपैकी कुणाचेही मुख्य काम मेलेल्यांना बोलावणे हे नव्हते. 'प्रेतविद्या' हा शब्द सुचला, पण तो कोशातच बरा दिसतो. शेवटी "बघून सांगते" म्हणून मी वेळ मारून नेली.

त्या रात्री झोप येईना म्हणून मनातल्या मनात शब्द गोळा करीत बसले, आणि एक गोष्ट ध्यानात आली. ज्यांची भीती वाटते अशा मृतांसाठी मराठीजवळ शब्दांची खाण आहे. मुंजा, समंध, खवीस, हडळ, जखीण, झोटिंग, वेताळ, ब्रह्मराक्षस, गिऱ्हा, चकवा. यांतल्या प्रत्येकाची जात निराळी, राहण्याची जागा निराळी, खोड निराळी. मात्र जे मृत आपल्याला हवेसे वाटतात, ज्यांची आठवण येते, त्यांच्यासाठी 'पितर' एवढा एकच शब्द हाती लागतो, आणि तोही आपण वर्षातून पंधरा दिवसच वापरतो. भाषेच्या या हिशेबात आपल्या मनाचाही काही हिशेब असावा.

मांत्रिकांचा वार्षिक उत्सव मला अगदीच अपरिचित होता असे नाही. माझे बालपण आमगाव तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेजवळ गेले. आषाढी अमावस्येला आमच्याकडे जिवती असते. त्याच दिवशी पलीकडे हरेली साजरी होते. दारावर जिवतीचे चित्र, कडुनिंबाचा डहाळा, आणि चौकटीत लोखंडी खिळा. त्या रात्री जाणते लोक आपले मंत्र 'जागवतात', गुरू चेल्यांना विद्या देतात, असे मोठी माणसे दबक्या आवाजात सांगत. आम्हा पोरांना दिवे लागायच्या आत घरात घेतले जाई. बाहेर पावसाने तुडुंब भरलेल्या धानाच्या बांध्या, त्यांतले बेडकांचे ओरडणे आणि दूर कुठेतरी वाजणारी ढोलकी. ती कोणी वाजवीत असे कोण जाणे, पण आमच्या लेखी ती मेलेल्यांना उठवण्यासाठीच वाजत असे.

या भीतीतून मला बाहेर काढले ते पुस्तकांनी. महाविद्यालयात असताना विवेकवादी साहित्य वाचले आणि चौकटीतल्या खिळ्याचा जाच संपला. पुढे प्राध्यापिका झाले तेव्हा हा विचार विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवणे मला कर्तव्यच वाटू लागले, आणि आजही वाटते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. भूत आवाहन करण्याची धमकी देऊन लोकांत घबराट निर्माण करणे हा त्या कायद्याच्या अनुसूचीत गुन्हा आहे. छत्तीसगडला तर टोनही ठरवून बायकांचा छळ करणाऱ्यांविरुद्ध २००५ सालीच कायदा करावा लागला होता. 'करणी केली' एवढ्या संशयावरून एकट्यादुकट्या विधवेला मारहाण झाल्याच्या बातम्या आमच्या भागातल्या वाचकाला नवीन नाहीत. तेव्हा पुढे मी जे लिहिणार आहे, त्याचा अर्थ 'जुने तेच खरे' असा कोणी काढू नये, ही विनंती.

परंतु कर्तव्याच्या भरात माणूस आंधळाही होतो. २०१४ साली प्रथम वर्षाच्या वर्गाला मी 'आमचे घर' या विषयावर निबंध लिहायला दिला होता. सालेकसा तालुक्यातल्या एका गोंड मुलाने चार पाने लिहून आणली. घराच्या भिंती, अंगण, मोहाचे झाड हे सारे त्याने अर्ध्या पानात उरकले होते. उरलेल्या साडेतीन पानांत त्या घरातले मृत होते. आजोबा, त्यांचे वडील, त्यांचे वडील, लहानपणी गेलेली आत्या, वाघाने नेलेला चुलता. एकामागून एक नावे, आणि प्रत्येक नावापुढे एखादी ओळ. शेवटी त्याने लिहिले होते की हे सगळे आमच्या घरातच राहतात. मी लाल शाईने दोन शेरे मारले. नावांच्या ओळीशेजारी 'अनावश्यक', आणि शेवटच्या वाक्याखाली 'अंधश्रद्धा'. मुलाने वही घेतली, "बरं मॅडम" म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

२०२१च्या एप्रिलमध्ये माझे वडील करोनाने गेले. त्या दिवसांत अनेकांच्या बाबतीत झाले तेच आमच्याही बाबतीत झाले. देह घरी आला नाही. भाऊ हैदराबादला अडकलेला. दहावा नाही, तेरावे नाही. मला स्वतःला विधींचे सोयरसुतक नव्हते, त्यामुळे काही राहून गेले असे तेव्हा वाटले नाही. वडील प्राथमिक शिक्षक. देवभोळे नव्हेत, पण सर्वपित्री अमावस्येला सकाळी विहिरीवर ओंजळीत पाणी घेऊन ते वडील, आजोबा आणि पणजोबा यांची नावे घेत. भटजी नाही, मंत्र नाही. तीन नावे आणि तीन ओंजळी. मी त्यांना थट्टेने म्हणत असे, "बाबा, हजेरी घेता का?" ते म्हणत, "शिक्षक आहे ना गं मी."

त्या वर्षी सर्वपित्रीला आई म्हणाली, "यंदा पाणी तूच दे. बाबांचं नाव पहिलं घे." नको म्हणण्याचा धीर झाला नाही. ओंजळ भरली. बाबांचे नाव घेतले, आजोबांचे घेतले, आणि थांबले. पणजोबांचे, बाबांच्या आजोबांचे, नाव मला ठाऊक नव्हते. आईला विचारले, तिलाही आठवेना. सुनांनी सासऱ्याच्या वडिलांचे नाव उच्चारायचे नाही अशा घरात ती आली होती. भावाला फोन केला. त्याला तर आजोबांचेच नाव क्षणभर विचार करून सांगावे लागले. दरवर्षी कानांवर पडणारे ते तिसरे नाव मी कधी ऐकलेच नव्हते. ते बाबांबरोबर गेले. ओंजळीतले पाणी बोटांतून गळून गेले, तेव्हा मला त्या मुलाची साडेतीन पाने आठवली.

तो मुलगा आता एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. गेल्या वर्षी बाजारात अचानक भेटला. बोलता बोलता मी कचारगडचा विषय काढला, तर म्हणाला, "माघ पौर्णिमेला या ना मॅडम. आजी पण येते दरवर्षी." माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थाने पूर्वी या यात्रेला 'भुतांचा मेळा' म्हटलेले मला आठवत होते. मुलाच्या कादंबरीतला डोंगर, माझ्या लहानपणची जिवती आणि हा मेळा डोक्यात एकत्र झाले, आणि २०२५च्या माघ पौर्णिमेला मी डोंगरगडच्या दिशेने जाणाऱ्या गाडीत बसले.

गोंदियाहून आमगाव, सालेकसा आणि मग दरेकसा. सालेकसा सोडले की सपाट धानपट्टी संपते आणि रूळ डोंगरांत शिरतात. बांध्यांत धानानंतरचा लाखोळी-हरभरा उभा होता आणि पळसाला नुकती फुले येऊ लागली होती. दरेकसाहून धनेगाव, आणि तिथून जंगलातली पायवाट. वाटेवर पिवळे झेंडे, पिवळे फेटे, पिवळी लुगडी, आणि भेटेल त्याच्या तोंडी 'जय सेवा'. महाराष्ट्रातले लोक होतेच. शिवाय छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगण इथून ट्रक-ट्रॅक्टर भरभरून माणसे आली होती. दुकाने होती, पुस्तकांचे ठेले होते, भोंग्यांवरची भाषणे होती, पोलिसांचा बंदोबस्त होता. भुते तेवढी कुठे दिसेनात.

डोंगरातली ती अवाढव्य गुहा म्हणजे गोंडांच्या श्रद्धेनुसार त्यांच्या समाजाचे जन्मस्थान. सांगितली जाणारी कथा अशी : काली कंकाली मातेची मुले शंभूने या गुहेत कोंडली आणि तोंडाशी प्रचंड शिळा लावली. जंगो रायताडने त्या मुलांची काळजी वाहिली. पहांदी पारी कुपार लिंगोच्या प्रेरणेने हिरासुका पाटालीर या वादकाने आपल्या संगीताच्या बळावर ती शिळा हलवली, मुले मोकळी झाली, आणि हिरासुका मात्र त्याच शिळेखाली चिरडला गेला. लिंगोने मग या मुलांना सगांमध्ये वाटले, देव दिले, सोयरिकीचे नियम दिले. चार देवांचे, पाच देवांचे, सहा आणि सात देवांचे, अशी गोंडांमधली विभागणी आजही लग्न जुळवताना पाहिली जाते.

या कथेची एक वेगळी वाट कागदावरही आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून लिंगोचे दीर्घ गीत उतरवून घेतले होते. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. पेनांना आणि वंशावळीला वाचा देणारे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट परिसरातली प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप पूर आलेल्या ओढ्यात बुडाले. ती शिलावर्तुळे म्हणजे महापाषाणयुगीन माणसांची दफनस्थाने. हिस्लॉपचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली संपादून छापले, म्हणून ते गीत आज वाचायला मिळते. त्यात लिंगो जवळच्यांच्याच हातून मारला जातो. कावळा त्याचा देह शोधून काढतो, देहावर अमृत शिंपडले जाते, आणि लिंगो उठून बसतो. मग तो गुहेत अडकलेल्या गोंडांना सोडवतो. या गीतातला कचीकोपा लोहागड म्हणजेच कचारगड, अशी यात्रेकरूंची धारणा आहे. मेलेल्याला उठवण्याची इतकी मोठी कथा माझ्या घरापासून दोन तासांच्या अंतरावर असताना मी मुलाला कोशातला शब्द शोधत बसले होते! आणि तो कावळाही आपल्या ओळखीचाच. पिंडाला तो शिवेपर्यंत ताटकळत उभे राहणाऱ्या आपल्या माणसांना त्याची ओळख वेगळी सांगायला नको.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. स्थान आणि श्रद्धा जुन्या असल्या तरी यात्रेला आजचे मोठे रूप आले ते १९८०च्या दशकापासून. गोंडी भाषा आणि धर्म यांचे अभ्यासक डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घडवले. कंगाली नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करीत आणि उरलेल्या वेळात लिंगो, पुनेम, गोंडी शब्द आणि व्याकरण यांवर लिहीत. एखादा चिकित्सक म्हणेल की मग ही परंपरा 'घडवलेली' आहे. असेल. सार्वजनिक गणेशोत्सवालाही १८९३ हे साल आहे. ज्यांच्या गोष्टी दुसऱ्यांनी लिहिल्या आणि दुसऱ्यांनी छापल्या, त्यांनी आपल्या पूर्वजांना भेटण्याची तारीख स्वतः ठरवली, यात मला तरी काही वावगे दिसत नाही.

गुहेच्या तोंडाशी पोहोचल्यावर विद्यार्थ्याने आजीची भेट घालून दिली. ऐंशीच्या पुढची, काटक, कानांत चांदीचे दागिने. दगडाला टेकून बसली होती आणि ओठ हलत होते. मला वाटले, मंत्र म्हणते आहे. थोडे वाकून ऐकले तर ती नावे घेत होती. एक नाव, थोडा विसावा, दुसरे नाव. मधूनच नातवाकडे पाहून ती काही तरी बोले, आणि तो मान डोलवी. मी शहरी आगाऊपणाने विचारले, "आजी, त्यांना बोलावताय का?" ती हसली. म्हणाली, "आमी कोनाले बलावत नाई बाई. थेच आमाले बलावते. आमी आलो, येवडं सांगतो."

आम्ही आलो, एवढे सांगतो. मुलाच्या कादंबरीतल्या सिद्धांपेक्षा हे अगदी उलट होते. ते मेलेल्यांना उठवतात ते कामाला लावण्यासाठी. गुप्त धन दाखव, शत्रूला मार, उद्याचे सांग. आमच्याकडचा भोंदू मांत्रिक तरी निराळे काय करतो? दुसऱ्याच्या मृतांची भीती घालून तो जिवंतांकडून पैसे काढतो. या म्हातारीला मेलेल्यांकडून काहीच नको होते. ती त्यांना आपली खुशाली कळवायला डोंगर चढून आली होती. कायद्यानेही या दोहोंत फरक केलाच आहे. भीती घालणे गुन्हा, यात्रा आणि उपासना नव्हे. फरक मीच केला नव्हता.

गोंडीत देवाला 'पेन' म्हणतात, आणि घरातला मृत यथाविधी या पेनांतच जाऊन मिळतो. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६च्या ग्रंथात या मिळण्याची एक रीत नोंदवलेली आहे. मृत्यूनंतर काही दिवसांनी आप्त नदीवर जातात, मृताचे नाव घेऊन मोठ्याने हाक मारतात, पाण्यात उतरून एखादा मासा किंवा किडा पकडतात आणि तो घरी आणून घरच्या मृतांमध्ये ठेवतात. माणूस परत घरी आला. आदिलाबादजवळ केसलापूरला पौष अमावस्येच्या सुमारास मेश्राम कुळाची नागोबाची जत्रा भरते. तिथेही कुळातल्या दिवंगतांसाठी विधी होतो आणि त्याच जत्रेत नव्या सुनांची कुळदेवाशी भेट घडवली जाते. गेलेले आणि आलेले, दोघांचीही नोंद एकाच ठिकाणी.

आणि आपण तरी काय करतो? आपल्या कितीतरी देवघरांत खंडोबा-भवानीच्या शेजारी एखादा चांदीचा टाक असतो. तो वीराचा असतो, मुंज्याचा असतो, सवाष्ण गेलेल्या एखाद्या बाईचा असतो. नाशिकला शिमग्यात वीर मिरवतात. आमच्याही देवघरात असा एक झिजलेला टाक आहे. तो कुणाचा, हे आता कुणालाच सांगता येत नाही. आम्ही त्याला रोज गंध लावतो. त्या गोंड मुलाच्या घरात नावे होती आणि मूर्ती नव्हत्या. आमच्या घरात मूर्ती उरली आणि नाव गेले. यात अंधश्रद्धा कोणाची म्हणायची, हा प्रश्न मी आता लाल शाईने सोडवू धजणार नाही.

घरी आल्यावर मुलाला म्हटले, "तुझ्या शब्दाला मराठी शब्द नाही सापडला. पण दुसरं एक काम आहे, चल." आम्ही दोघे तहसील कचेरीत गेलो. जुन्या अधिकार अभिलेखाच्या नकलेसाठी अर्ज केला. दोन खेपा, थोडी फी, आणि तिसऱ्या खेपेला ती नक्कल हाती आली. पाऊण एकर धानाच्या बांधीच्या नोंदीत, आजोबांच्या नावापुढे 'वल्द' म्हणून एक नाव होते. मुलाने ते मोठ्याने वाचले. कारकून वर बघून परत आपल्या कामाला लागला. घरी येऊन आईला ते सांगितले, तर ती म्हणाली, "हां, हेच. दरवर्षी हेच म्हणायचे ते." आणि पदराने डोळे पुसले.

मेल्यानंतर काही उरते असे मी आजही मानत नाही. बाबा कुठे आहेत या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नाही, आणि कोणी उत्तर विकायला बसला तर मी त्याच्या विरोधात उभी राहीन. पण २०२५च्या सर्वपित्रीला मी तिन्ही ओंजळी पुऱ्या केल्या. मुलगा शेजारी उभा होता. त्याला नावे पाठ आहेत.

एक काम तेवढे उरले होते. त्या संध्याकाळी मी विद्यार्थ्याला फोन केला आणि त्या जुन्या निबंधाचा विषय काढला. म्हटले, "मी फार चुकीचा शेरा मारला होता रे. ती वही आहे का तुझ्याकडे? खोडून द्यावा म्हणते." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग हसून म्हणाला, "वही कधीच रद्दीत गेली, मॅडम. नावं आहेत ना."